घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरचा फोल्डर उघडत नाही? या क्रमाने तपासा

मागच्या रविवारी नाशिकला पाथर्डी फाट्याला काकांकडे गेलो होतो. काकांची दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग आहे, गोडी छाटणीपासूनचा सगळा खर्च म्हणजे औषधं, खतं, मजुरी, ट्रॅक्टरचं डिझेल, हे सगळं ते खालच्या खोलीतल्या जुन्या डेस्कटॉपवर एक्सेलमध्ये लिहितात आणि चुलत बहिणीला तोच हिशोब वरच्या मजल्यावर तिच्या लॅपटॉपवर लागतो. ती पेनड्राइव्ह घेऊन जिना चढउतर करत होती आणि त्यात एकाच फाइलच्या तीन कॉप्या झाल्या, खरी कुठली ते कुणालाच कळेना. फोल्डर शेअर केलेला होता बरं का. लॅपटॉपवर डेस्कटॉपचं नावसुद्धा दिसायचं, पण डबल क्लिक केलं की युजरनेम-पासवर्ड मागायचा आणि काकांचा रोजचा चार आकडी पिन टाकला की लगेच "चुकीचा पासवर्ड". काका म्हणाले, अरे मी रोज सकाळी हाच टाकतो.

हे काही एका घरातलं नाही, दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणीतरी मला हेच विचारतं, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहून काढू. विंडोज १० आणि ११ धरून लिहितोय. ज्या कॉम्प्युटरवर फोल्डर आहे त्याला मी "मालक" म्हणेन आणि ज्याच्यावरून उघडायचाय त्याला "पाहुणा", म्हणजे गोंधळ होणार नाही.

आधी एक विनंती

कोणालाही विचारलं की पहिला सल्ला मिळतो, फायरवॉल (म्हणजे नेटवर्कवरून येणाऱ्याला अडवणारा विंडोजचा पहारेकरी) बंद कर, पासवर्ड प्रोटेक्शन बंद कर, फोल्डरला एव्हरीवन, म्हणजे सगळ्यांनाच, टाकून फुल कंट्रोल दे. प्लीज हे करू नका. कधीकधी फोल्डर उघडतो हे खरं, पण मग तुमच्या वायफायवर जो कोणी येईल, पाहुण्यांचा मोबाईल असो नाहीतर व्हायरस घुसलेला एखादा लॅपटॉप, त्याला तुमच्या फायली वाचताही येतात आणि पुसताही येतात. आणि अशाने नेमकं काय अडलं होतं ते कळतच नाही, त्यामुळे पुढच्या वेळी परत तेच.

खरं तर अडायच्या जागा तीनच. एक, दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांपर्यंत पोचतच नाहीत. दोन, पोचतात पण मालकाचं दार बंद आहे. तीन, दार उघडं आहे पण मालक तुम्हाला ओळखत नाही किंवा ओळखूनही आत सोडत नाही. याच क्रमाने जायचं, मधली पायरी सोडायची नाही.

पायरी १: दोघं एकाच नेटवर्कवर आहेत का

मालकावर विंडोज की आणि आर एकदम दाबा, सीएमडी टाईप करून एंटर. काळी खिडकी उघडेल, तिथे आयपीकॉन्फिग लिहायचं, इंग्रजी अक्षरात, मधे स्पेस न सोडता, आणि एंटर. "आयपीव्ही४ ॲड्रेस" पुढचा आकडा, म्हणजे त्या कॉम्प्युटरचा नेटवर्कवरचा पत्ता, कागदावर लिहून घ्या. पाहुण्यावरही हेच करा.

समजा मालकाचा १९२.१६८.१.२० आहे आणि पाहुण्याचा १९२.१६८.१.३५, तर पहिले तीन आकडे जुळले, घरच्या नेटवर्कवर याचा अर्थ दोघं एकाच गल्लीत आहेत. कोणाचा १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्या कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, आधी त्याची केबल नाहीतर वायफाय बघा, बाकीचं नंतर.

आणि तिसरा आकडाच वेगळा निघाला, म्हणजे एकाचा १९२.१६८.१ आणि दुसऱ्याचा १९२.१६८.०, तर इथे जरा थांबा, कारण आपल्याकडे हे खूप घरांत असतं. सिडकोतल्या एका मित्राचं घर घ्या, खाली फायबरवाल्याने बसवलेला डबा, आणि वर रेंज येत नाही म्हणून वरती दुसरा राउटर, खालून आलेली केबल वरच्या राउटरच्या वॅन पोर्टला, म्हणजे इंटरनेटची केबल लावायच्या भोकाला, तो बहुतेक निळा किंवा वेगळ्या रंगाचा असतो, त्याला खोचलेली. दोन्हीकडे इंटरनेट मस्त चालतं म्हणून कोणाला शंका येत नाही, पण वरच्या राउटरने स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार केलेलं असतं. याची खूण अशी की वरच्या लॅपटॉपवरून खालच्या डेस्कटॉपचा आकडा टाकला तर फोल्डर एखादवेळी उघडतो, पण खालून वरचा काही केल्या उघडत नाही, आणि यादीत तर कोणालाच कोणी दिसत नाही. यावर उपाय म्हणजे वरच्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकायचं, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता खालच्याच नेटवर्कचं वायफाय वर पसरवतो. तसा मोड नसेल तर त्याला खालच्या राउटरच्याच रांगेतला पण दुसऱ्या कोणाला न मिळणारा पत्ता द्यायचा, त्याचं डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायचं काम, बंद करायचं आणि मग केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टला, म्हणजे कॉम्प्युटर जोडायच्या भोकाला, लावायची. त्या मित्राकडे मला एवढंच करावं लागलं, कॉम्प्युटरला तर हातही लावला नाही.

अजून दोन गोष्टी पटकन बघून घ्या. पाहुणा गेस्ट वायफायवर नाही ना? गेस्ट नेटवर्कचं कामच मुळी घरातल्या बाकी मशीनपासून लांब ठेवण्याचं असतं. आणि राउटरमध्ये एपी आयसोलेशन नावाचं काही चालू असेल तर वायफायवरची दोन मशीनं एकमेकांशी बोलूच शकत नाहीत, ते बंद करा. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा खाजगी बोगदा, चालू असेल तर तोही तेवढ्यापुरता काढा.

आता पाहुण्यावरून मालकाला पिंग करा, म्हणजे "आहेस का" अशी हाक मारा: काळ्या खिडकीत इंग्रजीत पिंग, एक स्पेस, मग मालकाचा आकडा. चार ओळींत रिप्लाय आला तर उत्तम. "डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल" आलं आणि पुढे तुमचाच स्वतःचा आकडा दिसला तर मालक तिथे सापडतच नाहीये, म्हणजे तो बंद आहे, झोपलाय किंवा त्याचा पत्ता बदललाय. "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" आलं तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नका, बऱ्याचदा तो मालकाचा फायरवॉल पिंगला गप्प बसवत असतो, पुढची पायरी त्यासाठीच आहे.

पायरी २: मालकाचं दार

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो आणि सुटतोही सगळ्यात सोपा. नवीन वायफायला जोडताना विंडोज त्या नेटवर्कला पब्लिक समजतं. पब्लिक म्हणजे नाशिकरोड स्टेशनवरच्या वायफायसारखं, कोण कुठला माणूस शेजारी बसलाय माहीत नाही, म्हणून सगळी दारं लावून घ्यायची. घरच्या नेटवर्कला ते प्रायव्हेट करावं लागतं. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, तिथे वायफाय किंवा इथरनेट जे वापरताय ते, त्याच्या प्रॉपर्टीज, आणि तिथे प्रायव्हेट निवडा. मालकावर हे हवंच, पाहुण्यावरही करा म्हणजे यादीत नावं दिसतील. राउटर बदलला की हे पुन्हा पब्लिक होतं, तेव्हा "कालपर्यंत चालत होतं" असं झालं तर पहिलं हेच बघायचं.

मग ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज. विंडोज ११ मध्ये नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जच्या आत सापडेल, विंडोज १० मध्ये कंट्रोल पॅनेलच्या नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये डाव्या हाताला. प्रायव्हेट खाली नेटवर्क डिस्कव्हरी चालू, फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू. त्याखाली ऑल नेटवर्क्समध्ये पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग चालूच ठेवा.

दार उघडलं की नाही हे खात्रीने कळायला एक चाचणी आहे आणि मला ती पिंगपेक्षा जास्त भरवशाची वाटते. विंडोजचं फाइल शेअरिंग एसएमबी नावाच्या पद्धतीने चालतं आणि त्याचा पोर्ट, म्हणजे दाराचा नंबर, ४४५. पाहुण्यावर स्टार्ट मेनूत शोधून पॉवरशेल (काळ्या खिडकीसारखीच कमांड लिहायची दुसरी खिडकी) उघडा आणि टेस्ट-नेटकनेक्शन, स्पेस, मालकाचा आकडा, स्पेस, मायनस पोर्ट, स्पेस, ४४५ असं सगळं इंग्रजीत लिहून एंटर मारा. शेवटच्या ओळीत टीसीपी टेस्ट सक्सीडेडच्या पुढे ट्रू आलं तर दार उघडं, आता पुढच्या पायरीकडे चला. फॉल्स आलं तर मालकाचा फायरवॉल अडवतोय. विंडोज सिक्युरिटीमध्ये फायरवॉलच्या पानावर "ॲलो ॲन ॲप" आहे, त्या यादीत फाइल अँड प्रिंटर शेअरिंगसमोर प्रायव्हेटची खूण लावा, पब्लिकची नको. विकतचा अँटीव्हायरस टाकला असेल तर त्याचा स्वतःचा फायरवॉल असू शकतो आणि त्याने तुमच्या घरच्या नेटवर्कला अनोळखी ठरवलेलं असतं, त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते होम किंवा ट्रस्टेड करा.

पायरी ३: यादीत दिसत नाही म्हणजे उघडत नाही असं नाही

फाइल एक्स्प्लोररमध्ये डावीकडे नेटवर्कवर क्लिक केलं की कॉम्प्युटरची नावं येतात, ती आली नाहीत की लोक घाबरतात. ती यादी नुसती सोय आहे. फाइल एक्स्प्लोररच्या वरच्या पट्टीत सरळ \\१९२.१६८.१.२० असा मालकाचा आकडा टाईप करून एंटर मारा, आकडे इंग्रजी हवेत आणि स्लॅश उलटे, कीबोर्डवर एंटरच्या जवळ असतात ते. फोल्डर दिसले तर झालं, यादी विसरून जा.

यादी पाहिजेच असेल तर मालकावर स्टार्ट मेनूत सर्व्हिसेस शोधून उघडा आणि फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन नावाची सर्व्हिस ऑटोमॅटिक करून चालू करा, बहुतेक तीच बंद पडलेली असते.

आकड्याने उघडतं आणि नावाने उघडत नाही असं असेल तर कॉम्प्युटरचं नाव तपासा. पंधरा अक्षरांच्या आत, फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे. दोन कॉम्प्युटरची नावं एकसारखी नाहीत हेही बघा.

पायरी ४: तू कोण?

काकांचा घोळ इथला. नीट समजून घ्या, कारण ही एक गोष्ट कळली की निम्मे प्रॉब्लेम सुटतात.

पिन हा फक्त त्या एका मशीनपुरता असतो, समोर बसून टाकायचा. नेटवर्कवरून येणाऱ्याला पिन कधीच चालत नाही, तिथे पासवर्डच लागतो. आणि काकांनी कॉम्प्युटर मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटवर चालू केलेला, म्हणजे युजरनेम त्यांचा ईमेल आणि पासवर्ड त्या ईमेल अकाउंटचा, जो दुकानदाराने दोन वर्षांपूर्वी बनवून दिला होता आणि काकांना माहीतच नव्हता. पिन बरोबरच होता, फक्त तो चुकीच्या दारात दाखवत होते.

दुसरा प्रकार म्हणजे मालकाला पासवर्डच नाही, चालू केला की सरळ डेस्कटॉप येतो. तेव्हाही बाहेरून जाता येत नाही, रिकाम्या पासवर्डचं अकाउंट विंडोज फक्त समोर बसलेल्या माणसालाच वापरू देतं.

म्हणून मी सगळीकडे एकच करतो, मालकावर शेअरिंगसाठी वेगळा साधा युजर बनवतो. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, ॲड अकाउंट. तो ईमेल मागेल, तिथे "माझ्याकडे या व्यक्तीची माहिती नाही" अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते ती दाबा, पुढच्या पानावर मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर जोडायचा पर्याय येतो. नाव इंग्रजीत, छोटं, स्पेस नको. पासवर्ड चांगला लांब ठेवा, रोज टाकायचा नाहीये. त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करू नका, स्टँडर्डच राहू दे. आम्ही काकांकडे युजरचं नाव "बाग" ठेवलं, बहिणीनेच सुचवलं.

आता पाहुण्यावर युजरनेम मागेल तेव्हा मालक कॉम्प्युटरचं नाव, एक उलटा स्लॅश, आणि मग युजरचं नाव असं लिहा. नुसतं नाव लिहिलं तर कधी कधी विंडोज ते पाहुण्याच्याच कॉम्प्युटरवरचं नाव समजतं. खाली लक्षात ठेवायची खूण लावा.

तरीही चुकीचा म्हणत असेल तर जुना पासवर्ड साठवलेला असणार. पाहुण्यावर कंट्रोल पॅनेल, क्रेडेन्शियल मॅनेजर, विंडोज क्रेडेन्शियल्स, तिथे मालकाच्या नावाच्या किंवा आकड्याच्या जेवढ्या नोंदी असतील तेवढ्या काढून टाका. मग काळ्या खिडकीत नेट युज, स्पेस, तारा म्हणजे स्टारचं चिन्ह, स्पेस, स्लॅश डिलीट. याने उघडी असलेली सगळी जुनी कनेक्शनं तुटतात, पाहुण्यावर दुसरीकडची कुठली फाइल उघडी असेल तर आधी सेव्ह करा. एकाच मालकाकडे दोन वेगवेगळ्या युजरने एकाच वेळी जायला विंडोज परवानगी देत नाही, १२१९ नंबरचा एरर येतो, तोही याच उपायाने जातो.

पायरी ५: ओळखलं, पण आत सोडत नाही

नाव-पासवर्ड चालला आणि आता "ॲक्सेस डिनाइड" किंवा "यू डोन्ट हॅव परमिशन" येतंय, तर ही प्रगती आहे, मालकाने तुम्हाला ओळखलं.

प्रत्येक शेअर केलेल्या फोल्डरवर परवानगीचे दोन पहारे असतात. एक शेअरिंग टॅबमधला, दुसरा सिक्युरिटी टॅबमधला, आणि दोघांपैकी जो जास्त कडक त्याचंच चालतं. शेअरिंगमध्ये फुल कंट्रोल दिलं आणि सिक्युरिटीमध्ये त्या युजरचं नावच नाही, तर आत जाता येणार नाही. शेअरिंगला नुसतं रीड असेल आणि सिक्युरिटीला सगळं, तर फाइल उघडेल पण सेव्ह होणार नाही. नवीन माणसाने ॲडव्हान्स्ड शेअरिंगच्या वाटेला न जाता फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग टॅब, आणि वरचं साधं शेअर बटण दाबावं, तिथे "बाग" युजर जोडून समोर रीड/राइट निवडावं, ते बटण दोन्ही पहारे एकदम जमवून देतं.

फोल्डर कुठला शेअर करताय तेही महत्त्वाचं. अख्खा सी ड्राइव्ह कधीच नाही. डॉक्युमेंट्स किंवा डेस्कटॉपही नको, ते हल्ली वनड्राइव्हशी, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्याशी, बांधलेले असतात आणि त्यात भलतेच गोंधळ होतात. डी ड्राइव्हवर नवीन फोल्डर करा, इंग्रजी छोटं नाव द्या.

आता एक बारीक गोष्ट, जिच्यावर काकांकडे अर्धा तास गेला. फोल्डर उघडला, नवीन फायली उघडल्या, पण मागच्या वर्षीची हिशोबाची फाइल काही उघडेना, त्या एकाच फाइलवर ॲक्सेस डिनाइड. झालं असं होतं की ती फाइल काकांनी त्याच डी ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरमधून कट करून इथे पेस्ट केली होती. एकाच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलं की फाइल स्वतःच्या जुन्या परवानग्या सोबत घेऊन येते, कॉपी-पेस्ट केलं की नवीन फोल्डरच्या घेते. उपाय म्हणजे फोल्डरच्या सिक्युरिटी टॅबमध्ये ॲडव्हान्स्ड, आणि तिथे खाली "रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन" अशी सुरू होणारी ओळ आहे तिला खूण लावून ॲप्लाय. फाइल लगेच उघडली आणि बहिणीने पहिल्यांदा मागच्या वर्षीचा डाऊनी रोगाच्या फवारण्यांचा खर्च कितीला गेला ते बघितलं.

एक्सेलची फाइल काकांनी उघडून ठेवली असेल तर बहिणीला ती "लॉक्ड" दिसणार आणि फक्त वाचता येणार. हा बिघाड नाही, दोघांनी एकाच वेळी लिहून हिशोब बिघडू नये म्हणून ते तसं असतं.

जुनी मशीनं आणि राउटरला लावलेली हार्ड डिस्क

घरात विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर किंवा राउटरच्या यूएसबीला लावलेली डिस्क असेल आणि नवीन लॅपटॉपवर ती उघडत नसेल तर कारण बहुतेक एसएमबीची पहिली आवृत्ती, एसएमबी१. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर कॉम्प्युटर लॉक केले ते याच जुन्या पद्धतीतल्या भोकातून, आणि त्याच वर्षी विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने ती नव्या इन्स्टॉलेशनमध्ये द्यायची बंद केली. विंडोज फीचर्समध्ये जाऊन ती परत चालू करता येते पण माझं ठाम मत आहे, करू नका. डिस्कवरच्या फायली एकदा केबलने काढून घ्या, राउटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, नवीन एसएमबी चालत असेल तर वापरा, नाहीतर ती डिस्क सरळ मालक कॉम्प्युटरला लावा.

विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती असेल तर बिनपासवर्डाच्या गेस्ट शेअरला ती आपणहून नकार देते. तिथेही राउटरवर किंवा डिस्कच्या सेटिंगमध्ये युजरनेम-पासवर्ड बनवणं हाच नीट मार्ग. आणि होमग्रुप शोधत बसू नका, तो २०१८ मध्येच विंडोज १० मधून काढलाय.

चालू झालं की ते चालू राहण्यासाठी

पावसाळ्यात लाईट जाते-येते, राउटर रीस्टार्ट होतो आणि मालकाला वेगळाच आकडा मिळतो, मग सकाळी फोन, "परत बंद पडलं". म्हणून राउटरच्या पानावर ॲड्रेस रिझर्व्हेशन शोधा आणि मालकाचा फिजिकल ॲड्रेस, म्हणजे त्याच्या नेटवर्क कार्डचा नंबर, टाकून त्याला एक आकडा कायमचा बांधून द्या. फिजिकल ॲड्रेस आयपीकॉन्फिगच्या पुढे स्पेस, स्लॅश, ऑल लिहिलं की दिसतो. मालक वायफायवर असेल तर विंडोजमधलं रँडम हार्डवेअर ॲड्रेस बंद ठेवा, नाहीतर हा नंबरच बदलतो.

मालकाची झोप बंद करा, पॉवर सेटिंगमध्ये स्लीप नेव्हर. स्क्रीन बंद झाली तर चालते, मशीन झोपलं की फोल्डर गेला.

शेवटी पाहुण्यावर धिस पीसीमध्ये मॅप नेटवर्क ड्राइव्ह करून झेड अक्षर द्या, रीकनेक्ट ॲट साइन-इनला खूण ठेवा, म्हणजे घरच्यांना स्लॅश वगैरे काही बघावं लागत नाही. मग दोन्ही कॉम्प्युटर आणि राउटर बंद करा, आधी राउटर लावा, दोन मिनिटं थांबा, मग मालक, मग पाहुणा, आणि झेड उघडून त्यात एक नवीन फाइल सेव्ह करून बघा, ती मालकावर दिसली पाहिजे. काकांकडे ती दिसली तेव्हा मी मालकाचं नाव, त्याचा आकडा आणि युजरचं नाव एका चिठ्ठीवर लिहून डेस्कटॉपच्या मागे चिकटवलं, पासवर्ड मात्र काकूंच्या कपाटातल्या डायरीत.